आठवा सर्व्हर

१ ऑगस्ट २०१२, बुधवार. न्यूयॉर्क शेअर बाजाराची सकाळी साडेनऊची घंटा वाजली आणि पुढच्या पाऊण तासात नाइट कॅपिटल या कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक बुडाले. त्या वेळच्या दराने ही रक्कम अडीच हजार कोटी रुपयांच्या वर जाते. बाजार त्या दिवशी कोसळला नव्हता आणि बाहेरून कोणी संगणकात शिरलंही नव्हतं. कंपनीच्याच जुन्या कोडने, कंपनीच्याच सर्व्हरवरून, कंपनीच्याच पैशाने ही खरेदी-विक्री केली.

ही घटना शेअर बाजाराची म्हणून सांगितली जाते. मला ती कोडच्या पुनर्वापराची वाटते, आणि आज तिची सर्वांत जास्त गरज क्लाउडवरच्या नोटबुकांत डेटाचं काम करणाऱ्यांना आहे. एकाने लिहिलेलं फंक्शन गिटमध्ये ठेवायचं आणि टीममधल्या सगळ्या नोटबुकांनी ते तिथून घ्यायचं, ही पुण्या-मुंबईतल्या डेटा टीमांची आता रोजची रीत झाली आहे, आणि रीत चांगलीच आहे. पण रेपोतला कोड आणि या क्षणी यंत्रावर चालणारा कोड एकच आहे, हे त्यात कोणी तपासत नाही; तसं धरूनच चालतात. नाइटमध्येही तसंच धरून चालले होते. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, म्हणजे सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, पुढे आपल्या आदेशात सगळा क्रम नोंदवून ठेवला. तो वाचताना कळतं की पाऊण तासाच्या या अपघाताची तयारी नऊ वर्षं चालली होती.

घंटेआधी नऊ वर्षं : २००३

नाइट ही मार्केट मेकर कंपनी. मुख्यालय न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत. लहान गुंतवणूकदार ब्रोकरकडे ऑर्डर देतो, ब्रोकर ती अशा कंपनीकडे पाठवतो, आणि कंपनी स्वतः समोरची बाजू घेते किंवा बाजारात सौदा करून देते. २०१२ च्या सुमारास अमेरिकेतल्या सूचिबद्ध शेअरांच्या उलाढालीत नाइटचा वाटा जवळपास दहा टक्के होता. या कामातला एक महत्त्वाचा भाग म्हणजे स्मार्स नावाचा राउटर. त्याच्याकडे एक मूळ ऑर्डर यायची, आणि तो तिच्या पोट-ऑर्डरी करून वेगवेगळ्या बाजारांत पाठवायचा.

स्मार्समध्ये पॉवर पेग नावाची एक सोय होती. २००३ मध्ये नाइटने ती वापरणं थांबवलं. कोड मात्र तिथेच राहिला, आणि कोणी बोलावलं तर चालू होईल अशा अवस्थेत राहिला.

असा कोड प्रत्येक ऑफिसात असतो. काढला तर कुठे काय मोडेल या धास्तीने त्याला कोणी हात लावत नाही, आणि वापरात नाही म्हणून त्याच्याकडे कोणी बघतही नाही. खरं तर व्हर्जन कंट्रोलने आपल्याला सर्वांत मोठी मोकळीक दिली आहे ती पुसण्याची. गिटमध्ये एकदा नोंदलेली ओळ आज काढली तरी हवी तेव्हा इतिहासातून परत आणता येते. तरीही आपण फंक्शनच्या नावापुढे ‘जुनं’ असं लिहितो आणि ते तसंच ठेवून पुढे जातो. पुढच्या माणसाला त्या शब्दावरून कळत नाही की हे संग्रहात ठेवलेलं आहे, की अजून चालतं आहे.

घंटेआधी सात वर्षं : २००५

पॉवर पेगच्या कोडमध्ये एक मोजणी होती. मूळ ऑर्डर समजा हजार शेअरची असेल, तर पोट-ऑर्डरींतून किती शेअर झाले हे ती मोजत जायची, आणि हजार पुरे झाले की पुढे काही पाठवू नको असं सांगायची. २००५ मध्ये नाइटने ही मोजणी स्मार्सच्या कोडमध्ये आधीच्या टप्प्यावर हलवली. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट काढून दुसरीकडे बसवावा आणि मोटर जागच्या जागी जोडलेली ठेवावी, तसं झालं. मोटर बंदच आहे, तेव्हा टाकी वाहून जाण्याचा प्रश्न कोणाला पडत नाही.

हलवाहलवीनंतर पॉवर पेगची चाचणी पुन्हा घेतली गेली नाही. जे वापरात नाही त्याची चाचणी कोण घेणार, असं तेव्हा वाटणं स्वाभाविक होतं. पण त्या दिवसापासून नाइटच्या सर्व्हरांवर एक असा कोड होता, जो सुरू झाला तर थांबणार नव्हता.

घंटेआधी दहा महिने : ऑक्टोबर २०११

शनिवार-रविवारी आपत्कालीन यंत्रणेची चाचणी झाली, त्यात चाचणीपुरता डेटा वापरला गेला. सोमवारी बाजार उघडला तरी चुकून तोच डेटा चालू राहिला आणि त्यावरून भाव निघत राहिले. नाइटचे सुमारे ७५ लाख डॉलर गेले. नियामकाने पुढे यावर नेमकं बोट ठेवलं: कंपनीने त्या एका बिघाडाची दुरुस्ती केली, पण कुठल्याही कारणाने, कुठल्याही यंत्रणेतून चुकीची ऑर्डर बाहेर पडली तर ती अडवणारं काही आपल्याकडे आहे का, हा प्रश्न विचारला नाही.

घंटेआधी पाच दिवस : शुक्रवार, २७ जुलै २०१२

न्यूयॉर्क शेअर बाजार १ ऑगस्टपासून लहान गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू करणार होता, रिटेल लिक्विडिटी प्रोग्राम. त्यांच्या ऑर्डरींना सेंटच्या अंशाने का होईना, थोडा बरा भाव मिळावा असा तिचा हेतू. योजनेला नियामकाची मंजुरी जुलैमध्येच आली होती. पहिल्या दिवसापासून त्यात असायचं, तर स्मार्समध्ये नवा कोड हवा होता.

तो लिहिला गेला. त्याने पॉवर पेगची जागा घ्यायची होती. जुना कोड पुसायचा आणि तिथे नवा बसवायचा असं ठरलं होतं. इथे एक निर्णय झाला, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत महागडा निर्णय हाच. नव्या योजनेची ऑर्डर ओळखण्यासाठी नवा फ्लॅग केला नाही. पूर्वी पॉवर पेग सुरू करण्यासाठी जो फ्लॅग होता, तोच नव्या कामाला घेतला. म्हणजे फ्लॅग ‘हो’ असेल तर नव्या कोडच्या लेखी त्याचा अर्थ ‘ही लहान गुंतवणूकदाराची ऑर्डर, नव्या योजनेत घाल’, आणि जुन्या कोडच्या लेखी त्याच ‘हो’चा अर्थ ‘पॉवर पेग सुरू कर’. जोवर जुना कोड कुठेही शिल्लक नाही, तोवर हे चालून जातं. कोड वाचवण्याची ही काटकसर एका अटीवर उभी होती, आणि ती अट पाळली गेली की नाही हे बघण्याची कुठलीही सोय केलेली नव्हती.

स्मार्सचे सर्व्हर आठ होते. २७ जुलैपासून लागोपाठच्या दिवसांत थोड्या थोड्या सर्व्हरांवर नवा कोड टाकला गेला. टप्प्याटप्प्याने जाण्याची ही पद्धत सावधपणाचीच होती. त्यात एका तंत्रज्ञाकडून एक सर्व्हर राहून गेला. सात सर्व्हरांवर नवा कोड, आठव्यावर २००५ पासूनचा पॉवर पेग.

त्या तंत्रज्ञाला बोल लावण्यात मला काही अर्थ दिसत नाही. आठ जागी हाताने तीच गोष्ट करायची तर एखादी जागा कधीतरी राहणारच. दुसऱ्या कोणीतरी जाऊन आठही सर्व्हर पाहायचे, असा लेखी नियम नाइटमध्ये नव्हता, आणि तसं कोणी पाहिलंही नाही. आठही यंत्रांना ‘तुझ्यावर काय आहे?’ असं विचारून उत्तरं शेजारी-शेजारी मांडणारी एखादी लहानशी स्क्रिप्ट काही मिनिटांत लिहून झाली असती.

आता नोटबुकांकडे बघा. क्लाउडवर काम करणाऱ्या टीमचा हा आठवा सर्व्हर कुठे असतो? बहुतेक वेळा एकाहून जास्त ठिकाणी असतो. पहिलं ठिकाण उघड आहे: कोणीतरी रेपोतलं फंक्शन उचलून आपल्या नोटबुकात इम्पोर्टच्या खालच्या सेलमध्ये चिकटवलेलं असतं, कारण त्या दिवशी घाई होती. रेपोत ते फंक्शन नंतर दोनदा सुधारलं जातं; चिकटवलेली प्रत तिथेच राहते, आणि नाव तेच असल्यामुळे इम्पोर्ट केलेल्या फंक्शनला झाकून स्वतः चालते. नोटबुक नीट चालतं, लाल अक्षरांत काही येत नाही. उत्तर तेवढं जुन्या नियमाने येतं.

दुसरं ठिकाण जास्त फसवं. पायथनमध्ये एखादं मॉड्यूल एकदा इम्पोर्ट झालं की ते त्या सत्राच्या मेमरीत राहतं. मग तुम्ही डेटाब्रिक्ससारख्या ठिकाणी गिटचं फोल्डर ताजं केलंत, फाइल उघडून नवी ओळ डोळ्यांनी पाहिलीत आणि इम्पोर्टचा सेल पुन्हा चालवलात, तरी पायथन मेमरीतलीच जुनी प्रत पुढे करतं. कर्नल पुन्हा सुरू केल्याशिवाय, मॉड्यूल मुद्दाम नव्याने वाचायला लावल्याशिवाय, किंवा फाइल बदलली की मॉड्यूल आपोआप नव्याने वाचण्याची सोय आधीच चालू केल्याशिवाय, नवी ओळ चालत नाही. फाइलवर एक, मेमरीत दुसरं. फाइल पाहून खात्री करणारा माणूस इथे हमखास फसतो, कारण तो योग्य ते तपासतो आहे असंच त्याला वाटत असतं.

तिसरं, क्लस्टरवर बसवलेलं पॅकेज. टीमने आपली फंक्शनं पॅकेज करून क्लस्टरवर टाकलेली असतात. दिवसाच्या क्लस्टरवर नवी आवृत्ती जाते, आणि रात्री बाराला आपोआप उठणारं जॉबचं क्लस्टर गेल्या महिन्याच्याच आवृत्तीवर असतं. कोलॅबवर याच्या उलट होतं. तिथे यंत्र टिकत नाही, म्हणून दर सत्राला रेपो नव्याने उतरवावा लागतो. आणि तो मुख्य शाखेवरून उतरवला, तर सोमवारचं आणि मंगळवारचं नोटबुक अक्षर न अक्षर तेच असूनही वेगळा कोड चालवतं, कारण मधे कोणीतरी त्या शाखेत बदल टाकलेला असतो. यावर उतारा आहे आणि तो सोपा आहे: शाखेचं नाव न देता नेमक्या कमिटचा क्रमांक किंवा टॅग द्यायचा, शेड्यूल केलेल्या जॉबलाही तोच द्यायचा, आणि जॉब जे टेबल लिहील त्याच्या प्रत्येक फेरीसोबत तो क्रमांक एका रकान्यात लिहून ठेवायचा. महिन्याभराने आकडा संशयास्पद वाटला, तर तो कुठल्या कोडने काढला हे कोणाच्या आठवणीवर सोडावं लागत नाही.

२०१९ मध्ये पिमेंतेल आणि सहकारी संशोधकांनी गिटहबवरची लाखो नोटबुकं जमवून पुन्हा चालवण्याचा प्रयत्न केला. चालवायला घेतलेल्यांपैकी साधारण २४ टक्के शेवटपर्यंत विनाचूक गेली, आणि जतन केलेलंच उत्तर पुन्हा देणारी होती फक्त ४ टक्के. ती सगळी नोटबुकं गिटमध्येच होती. गिटमध्ये असणं ही सुरुवात आहे, एवढं तरी यातून कळावं.

घंटेआधी ८९ मिनिटं : सकाळी ८:०१

नव्या योजनेत बसणाऱ्या, पण बाजार उघडण्याआधीच्या व्यवहारांसाठी असलेल्या काही ऑर्डरी नाइटकडे आल्या. स्मार्सने त्या हाताळल्या, आणि एका अंतर्गत यंत्रणेतून आपोआप ईमेल निघू लागले. त्यांत स्मार्सचा उल्लेख होता आणि चूक म्हणून शब्द होते ‘पॉवर पेग डिसेबल्ड’.

नऊ वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या सोयीचं नाव, नवा कोड पहिल्यांदा वापरात येण्याच्या दिवशी, बाजार उघडण्याच्या दीड तास आधी. एखाद्या जुन्या माणसाने हे नाव वाचलं असतं, तर तो खुर्चीतून उठला असता असं मला वाटतं. साडेनऊपर्यंत असे ९७ ईमेल कर्मचाऱ्यांच्या एका गटाला गेले.

कोणी काही केलं नाही. याला बेफिकिरी म्हणणं सोपं आहे, पण आदेशातली नोंद वेगळं सांगते: हे ईमेल धोक्याची सूचना म्हणून बनवलेलेच नव्हते आणि कर्मचारी ते सहसा पाहत नसत. रोज शेकड्याने आपोआप निघणारे संदेश माणूस वाचत नाही. कोणीच वाचणार नाही. जॉबकडून येणाऱ्या इशाऱ्यांनी तुमचाही एखादा चॅनल भरून वाहत असेल, तर त्यातला कुठला इशारा कोणाचा आणि तो आल्यावर त्या माणसाने काय करायचं, हे ठरलेलं आहे का ते आजच बघा. ठरलेलं नसेल, तर तो इशारा अपघातानंतरच्या चौकशीत पुरावा म्हणून तेवढा कामाला येईल.

घंटा : सकाळी ९:३०

आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. पुढच्या तासाभरात मराठी माणसाचं लक्ष जंगली महाराज रस्त्याकडे गेलं. त्या संध्याकाळी पुण्यात तिथे साखळी स्फोट झाले. न्यूयॉर्कमधली बातमी आपल्याकडे मागे पडली यात नवल नाही, आणि कदाचित म्हणूनच ती इथल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या आठवणीत जेवढी असायला हवी तेवढी नाही.

बाजार उघडला. ब्रोकरांकडून नव्या योजनेच्या ऑर्डरी आल्या, प्रत्येकीवर तो फ्लॅग ‘हो’. सात सर्व्हरांनी त्या बरोबर हाताळल्या. आठव्यावर गेलेल्या ऑर्डरींनी पॉवर पेग जागा केला.

आता २००५ चा बदल कामाला आला. आठवा सर्व्हर एका मूळ ऑर्डरीसाठी पोट-ऑर्डरी पाठवू लागला. त्या पूर्ण झाल्या, तरी ‘पुरे झालं’ असं सांगणारी मोजणी तिथे उरली नव्हती. म्हणून तो पाठवतच राहिला. दुसरी मूळ ऑर्डर आली, तिचंही तेच. प्रत्येक सौद्याचे शेअर आणि प्रत्येक सौद्याचे पैसे नाइटच्या नावावर चढत होते.

घंटेनंतरची मिनिटं

एखाद्या कंपनीचे शेअर कोणीतरी न थांबता घेत सुटलं, तर भाव चढतो आणि घेणाऱ्याला दर वेळी जास्त मोजावे लागतात. विकत सुटलं तर उलट. त्या सकाळी नाइट दोन्ही करत होती. विझर्ड सॉफ्टवेअर नावाच्या छोट्या कंपनीचा साडेतीन डॉलरच्या आसपासचा शेअर १४ डॉलर ७६ सेंटपर्यंत गेला. ३७ शेअर असे होते, ज्यांचा भाव दहा टक्क्यांहून जास्त हलला आणि ज्यांच्या उलाढालीत निम्म्याहून जास्त सौदे एकट्या नाइटचे होते.

हे कळायला हवं होतं कुठे? नाइटकडे ‘३३’ क्रमांकाचं एक अंतर्गत खातं होतं. कुठल्याही मूळ ऑर्डरीशी न जुळणारे सौदे तात्पुरते त्यात पडत. या खात्याला २० लाख डॉलरची मर्यादा घातलेली होती. पण मर्यादा ओलांडली की ऑर्डरी थांबतील, अशी तार कुठे जोडलेली नव्हती. खात्यातली शिल्लक दाखवणारी पडद्यावरची यंत्रणा माणसाने पाहण्यासाठी होती. ती आपणहून इशारा देत नव्हती, आणि मर्यादा किती हेही तिच्यावर दिसत नव्हतं. म्हणजे आकडा फुगत होता, पडद्यावर दिसतही होता, आणि तो किती भयंकर आहे हे बघणाऱ्याच्या समजुतीवर सोडलेलं होतं.

मर्यादा लिहून ठेवणं आणि मर्यादेने काहीतरी थांबवणं यातला हा फरक डेटाच्या कामातही रोज दिसतो. टेबलात कालच्या दहापट ओळी आल्या तर नोटबुक ते नोंदतं, पुढच्या सेलला जातं आणि दहापट ओळी ग्राहकांच्या अहवालात लिहून मोकळं होतं. तपासणीचा सेल जर जॉब पाडत नसेल, तर तो तपासणी करत नाही, फक्त आठवण ठेवतो.

मध्येच कधीतरी : उलटा फिरवलेला हात

पाऊण तासाचा हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला आहे, आणि सगळ्या घटनाक्रमात मला तोच सर्वांत जास्त हलवून जातो.

बाजार चालू आहे, पैसे जात आहेत, आणि नाइटचे तंत्रज्ञ कारण शोधत आहेत. अशा वेळी काय करायचं याची लेखी कार्यपद्धती कंपनीकडे नव्हती. कुठलाही अनुभवी माणूस अशा वेळी जो विचार करेल, तोच त्यांनी केला: आज नवीन काय आहे? नवा कोड. मग तो काढा. त्यांनी सातही सर्व्हरांवरून नवा कोड काढून टाकला.

सातही सर्व्हर बरोबर चालत होते. नवा कोड गेला आणि त्याच्या जागी आधीचा कोड उघडा पडला, पॉवर पेगसकट. फ्लॅग मात्र येतच होता, कारण ऑर्डरी पाठवणारी वरची यंत्रणा अजून नव्या अर्थाने ‘हो’ म्हणत होती. आता तो ‘हो’ ऐकणारे आठही सर्व्हर जुने होते. एका सर्व्हरवर जे चाललं होतं ते आठांवर सुरू झालं.

घाबरून चुकीचं केलं, असं मी म्हणणार नाही. मागच्या चांगल्या आवृत्तीवर जा, हा सल्ला आपण सगळेच देतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. पण मागची आवृत्ती चांगली असते ती मागच्या जगात. कोड मागे नेला आणि त्याच्याकडे येणारा डेटा पुढेच राहिला, तर ती जोडी याआधी कोणी कधीच चालवलेली नसते. नोटबुकांच्या कामात हे फार शांतपणे घडतं. समजा, ऑर्डरच्या टेबलात स्थितीचा आकडा ३ म्हणजे पूर्वी ‘रद्द’ असा होता. रद्द ऑर्डरी वेगळ्या टेबलात गेल्या, ३ मोकळा झाला, आणि कोणीतरी काटकसर म्हणून ३ म्हणजे ‘अर्धी पोचली’ असं ठरवलं. महिन्याने सामायिक पॅकेजमध्ये काहीतरी बिघाड निघतो आणि टीम मागच्या टॅगवर जाते. त्या टॅगमधला कोड टेबलातल्या सगळ्या अर्ध्या पोचलेल्या ऑर्डरी रद्द म्हणून मोजतो. बेरीज लागते, आलेख निघतो, आणि सोमवारच्या बैठकीत तो आलेख पाहून कोणीतरी एखादं गोदाम बंद करण्याचा विचार मांडतं. म्हणून नव्या अर्थाला नवा आकडा, नवा रकाना, नवा फ्लॅग द्यावा, आणि जुन्या कोडला अनोळखी आकडा दिसला तर त्याने गप्प न बसता थांबावं. पूर्णांक फुकट मिळतात. नाइटने एक फ्लॅग वाचवला होता.

घंटेनंतर ४५ मिनिटं : सव्वादहाच्या सुमारास

स्मार्स थांबला. तोवर पॉवर पेगकडे गेलेल्या मूळ ऑर्डरी होत्या २१२. त्यांतून १५४ शेअरांत ४० लाख सौदे झाले होते, ३९ कोटी ७० लाख शेअरांचे; म्हणजे सरासरीने सेकंदाला जवळपास दीड हजार सौदे. ८० शेअरांत नाइटकडे सुमारे ३५० कोटी डॉलरची नको असलेली खरेदी पडून होती आणि ७४ शेअरांत सुमारे ३१५ कोटी डॉलरची, जवळ नसलेल्या शेअरांची विक्री.

त्याच दिवशी आणि पुढे

कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी थॉमस जॉइस गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी होते. कंपनीने सौदे रद्द व्हावेत म्हणून प्रयत्न केले. उघड चुकीच्या सौद्यांबद्दलचे नियम मोजके होते: ज्यांचा भाव तीस टक्के किंवा अधिक हलला, अशा सहा शेअरांतले सौदे बाजाराने रद्द केले. बाकीचे राहिले. समोर ज्यांनी शेअर विकले किंवा घेतले त्यांनी प्रामाणिक व्यवहार केला होता, तेव्हा ते रद्द न होणंच न्याय्य होतं असं मला वाटतं. नाइटकडे साचलेला हा ढीग त्याच दिवशी गोल्डमन सॅक्सने सवलतीच्या भावात उचलला, आणि नुकसान कागदावरून खिशात आलं.

३१ जुलैला नाइटचा शेअर १० डॉलर ३३ सेंटवर बंद झाला होता. १ ऑगस्टला तो ६ डॉलर ९४ सेंट झाला, २ ऑगस्टला २ डॉलर ५८ सेंट. पहिल्या आठवड्याअखेर जेफ्रीज, ब्लॅकस्टोन, गेट्को, टीडी अमेरिट्रेड यांच्यासह सहा गुंतवणूकदारांनी ४० कोटी डॉलर घालून कंपनी उभी ठेवली, ती शेअरमागे दीड डॉलरच्या हिशेबाने. म्हणजे कंपनीचा बहुतेक वाटा त्यांच्याकडे गेला. डिसेंबरमध्ये गेट्कोने नाइट विकत घेण्याचा करार केला आणि १ जुलै २०१३ ला दोन्ही मिळून केसीजी होल्डिंग्ज झाली. २०१७ मध्ये तीही व्हर्टू फायनान्शियलमध्ये गेली.

१६ ऑक्टोबर २०१३ ला नियामकाचा आदेश आला. दलाल कंपन्यांनी बाजारात ऑर्डर पाठवण्याआधी जोखमीची तपासणी केलीच पाहिजे, असा नियम २०१० मध्ये झाला होता. त्याखालची ही पहिली कारवाई. दंड १ कोटी २० लाख डॉलर, आणि कंपनीच्या नियंत्रणांची तपासणी करायला बाहेरचा स्वतंत्र सल्लागार नेमण्याची अट. आठवा सर्व्हर ज्याच्याकडून राहिला त्याचं नाव आदेशात कुठेही नाही. दोष लिहिला आहे तो नसलेल्या गोष्टींवर: कोड टाकल्यावर दुसऱ्याने तो पाहावा असा नियम नव्हता, वापरात नसलेला कोड पुन्हा तपासण्याची पद्धत नव्हती, ‘३३’ खात्याची मर्यादा ऑर्डरी थांबवू शकत नव्हती, आणि बाजार चालू असताना बिघाड झाला तर कोणी काय करायचं हे लिहिलेलं नव्हतं.